डावीकडचा पंप

९ जानेवारी, रविवार

दातवाल्याने आज आमच्या मॉडेल रेल्वेच्या क्लबात नवं इंजिन आणलं. आणलं म्हणजे दुकानातून! खोक्यासकट! खोक्याच्या खिडकीचा प्लास्टिकचा कागदसुद्धा फाडलेला नव्हता. "फिनिश बघा, फिनिश," करत सगळ्यांच्या नाकापुढून फिरवून आणलं. कारखान्यातल्या यंत्राने दिलेला रंग, आणि याचा तोरा असा की जणू स्वतः रात्रंदिवस खपून घडवलंय. दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालणारा माणूस! त्याला आम्ही अध्यक्ष केलंय, कारण क्लबाची खोली त्याच्या दवाखान्याच्या वर आहे. दुसरी पात्रता नाही.

आमचा लेआउट, म्हणजे टेबलावरची सगळी मांडणी, बावन्न सालचा. बावन्न साली जे रुळावर नव्हतं ते आमच्या टेबलावर येणार नाही, हा नियम. मीच घालून दिलेला. याच्या इंजिनाचा पुढचा दिवा छप्पन्नचा आहे. सांगितलं. तर म्हणतो, "एवढं कोण बघतंय!"

मी बघतोय ना!

१२ जानेवारी, बुधवार

सकाळपासून बसलो होतो. माझ्या इंजिनाचा, साच्यातच ओतून आलेला उजवीकडचा पंप कापून काढला. केसाएवढी करवत, श्वास रोखून. दोन पाती मोडली. बायको चहा ठेवून गेली, तो तिथेच गार झाला. "एवढं ते कापायचं होतं तर आधी लावला कशाला?" म्हणाली. हिला काय सांगणार!

इथे लिहून ठेवतो, म्हणजे डोकं ठिकाणावर राहील. या जातीच्या सगळ्या इंजिनांना ब्रेकचा हवेचा पंप उजवीकडे. पुढे, धुराड्याच्या खाली जो गोल डबा असतो त्याच्या बाजूला उभा. उजवीकडे म्हणजे ड्रायव्हरच्या उजव्या हाताला. सगळ्या इंजिनांना. फक्त एका इंजिनाला डावीकडे. आणि ते इंजिन माझे बाबा चालवायचे.

पुरावा? फोटो! बाबांचा, बावन्न सालचा, समोरून काढलेला. इंजिनाच्या पुढ्यात दोन माणसं उभी. इंजिनाच्या उजवीकडे बाबा, हात कठड्यावर. डावीकडे त्यांचा फायरमन, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारा, पंपाला कोपर टेकवून. आमच्या लाइनीवर ड्रायव्हर उजवीकडे, फायरमन डावीकडे. फोटोला उभं राहायचं झालं तरी शेडमध्ये कोणी आपली बाजू सोडत नसे. जेवायला बसतानासुद्धा सोडत नसत म्हणे. नंबराची पाटी त्या दिवशी काढलेली होती, म्हणून फोटोत एकही आकडा नाही, अक्षर नाही. पण मला आकडा कशाला हवा? बाबांच्या तोंडून तो नंबर इतक्यांदा ऐकलाय की शाळेतली परवचा विसरेन, तो नाही विसरायचा.

१६ जानेवारी, रविवार

क्लब. दातवाला पुन्हा सुरू. "छापील ड्रॉइंगमध्ये पंप उजवीकडेच आहे हो." अरे, ड्रॉइंग तू मला दाखवतोस? चाळीस वर्षं ड्रॉइंग ऑफिसात टेबलावर वाकून पाठीचा कणा वाकडा करून घेतलाय मी. काय व्हायला हवं होतं ते ड्रॉइंगमध्ये असतं. काय झालं ते फोटोत असतं. हे वाक्य त्याला मी दहा वर्षं ऐकवतोय. अजून डोक्यात शिरलेलं नाही.

गवत्या मध्येच म्हणाला, "पंप कुठेही असू दे, मागच्या टेकडीचं गवत बघा ना." हा गेली सहा वर्षं फक्त गवत लावतोय. हिरव्या रंगात बुडवलेला लाकडाचा भुसा. एका माणसाचं सगळं आयुष्य भुशात चाललंय!

मोठी बातमी ही की मार्चच्या बारा-तेराला प्रदर्शन. बघायला रेल्वेतले जुने निवृत्त लोक येणार. मी तिथल्या तिथे उठून सांगितलं, माझ्या इंजिनापुढे कार्ड लागेल. नंबर, साल, आणि खाली ठळक अक्षरांत ड्रायव्हर म्हणून बाबांचं नाव. आयुष्यभर त्या माणसाने इंजिन हाकलं, पण कुठल्या कागदावर त्याचं नाव आलं नाही. एकदा तरी यावं. आणि जुन्या लोकांनी ते वाचावं. मला आणखी काही नको.

आमच्या क्लबातला कोळसा कोपऱ्यात डब्यांची चाकं पुसत बसला होता. हळूच म्हणतो, "नावं कशाला घालायची कार्डावर? नुसता नंबर ठेवू या."

असं का बरं? पोटात दुखतं, दुसरं काय!

१७ जानेवारी, सोमवार

कालचं अजून डोक्यातून जात नाही. नावं नकोत म्हणे!

कोळसा हे नाव मीच ठेवलंय. वीस वर्षांपूर्वी तो क्लबात आला, तेव्हा मी फोटो दाखवत होतो. भिंग घेऊन खूप वेळ बघत राहिला. मग पंपाला टेकलेल्या माणसावर बोट ठेवून म्हणाला, "हे माझे बाबा." मी म्हटलं, "म्हणजे तुमचे वडील माझ्या वडिलांचे फायरमन! तुम्ही तर कोळशाकडचे!" सगळे हसले. तोही हसला. म्हणाला, "हो, असतील." तेव्हापासून कोळसा. आता त्याची बायको सोडली तर सगळे तेच म्हणतात, आणि तोही ओ देतो.

माणूस तसा गरीब. त्याच्याकडे छोटा लेथ आहे, मला कधीही वापरू देतो. पण गरीब असला म्हणून मत्सर नसतो थोडाच!

२१ जानेवारी, शुक्रवार

कोळशाकडे जाऊन नव्या पंपाचं पितळी नळकांडं लेथवर फिरवून आणलं. त्यानेच फिरवलं खरं तर. माझा हात हल्ली थरथरतो. त्याच्यापुढे कबूल केलं नाही, पण त्याने न बोलताच हातातून घेतलं. सुरेख उतरलंय. त्याच्याबाबतीत हे एक मान्य करायला हवं.

२३ जानेवारी, रविवार

क्लबात बाई! दातवाल्याने आणली. जन्मभर शिवणकाम केलेली, आता दुकान सुनेच्या हाती देऊन मोकळी झालीय. का घेतली? तर फलाटावरच्या माणसांना कपडे घालायला! अंगठ्याच्या पेराएवढी माणसं. मी म्हटलं, त्यांना रंग दिला की झालं, शिंपी कशाला? तर चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणते, "तुमच्या हमालाने कोट घातलाय की गोणपाट, ते मला कळत नाहीये."

दातवाला खो खो हसला. त्याचे स्वतःचे दात किडलेत, कोणी बघितलंय का?

३० जानेवारी, रविवार

पंप बसला! डावीकडे, दोन नळ्या, एक झडप, सगळं पितळेचं. डाख असा बसलाय की कुठे जोड आहे ते मलाच सापडेना. सुटे भाग घडवण्यापासून धरले तर पाच महिने गेले या पंपात. गवत्यासुद्धा गवत सोडून बघायला आला.

शिंपीणबाई म्हणाल्या, "त्या दोघांच्या अंगावर काय होतं ते कळलं तर मी छोटी माणसं करून देईन, इंजिनापुढे उभी करायला." कल्पना वाईट नाही, पण तसं म्हटलं नाही. फोटोची मोठी प्रत दिली. "सांभाळून," म्हटलं. "कापड नाहीये हे."

कोळसा म्हणाला, "कशाला त्यांना त्रास? नुसतं इंजिन छान दिसतंय." पुन्हा तेच! याच्या बापाची छोटी बाहुली होणार, तेही याला नको. का, तर शेजारी माझा बाप ड्रायव्हर म्हणून उभा राहणार!

६ फेब्रुवारी, रविवार

मूर्खपणा! शुद्ध मूर्खपणा!

शिंपीणबाईंनी मला खिडकीशी बोलावलं. बाकीचे रुळांवरून भांडत होते, कोणाचं लक्ष नव्हतं. फोटो पुढे धरला. "हा उलटा छापलाय," म्हणाल्या. उलटा म्हणजे? खाली डोकं वर पाय? "नाही. आरशात दिसतं तसा. सदरे बघा." काय तर म्हणे, पुरुषाच्या सदऱ्याची काजं डाव्या पट्टीला असतात आणि बटणं उजव्या. बायकांच्या कपड्यांना बरोब्बर उलट. आणि छातीवरचा खिसा डावीकडे. "या फोटोत दोघांचीही पट्टी बायकी आहे, आणि दोघांचाही खिसा उजवीकडे. एकाचं चुकलं असेल म्हणाल तर ठीक. दोघांचं? शेडमध्ये काय बायकोचे सदरे घालून जायचे?"

मी म्हटलं, "बाई, तुम्ही काजं करा, इंजिनं आम्ही बघतो."

त्यांनी नुसतं हं केलं. फोटो माझ्या हातात ठेवून सुईकडे वळल्या. मला तेच जास्त लागलं.

७ फेब्रुवारी, सोमवार

आईने शिवले असतील सदरे. त्या वेळी घरी शिवत. घरी शिवताना होतं उलटसुलट.

पण मग फायरमनचा पण आईने शिवला?

८ फेब्रुवारी, मंगळवार

बायको खोलीत आली तेव्हा मी पलंगावर माझा सदरा आणि तिचा ब्लाउज शेजारी शेजारी पसरून बटणं मोजत होतो. दारातच थांबली. "बरं वाटतंय ना तुम्हाला?" मी म्हटलं, अभ्यास करतोय. "या वयात?" म्हणाली आणि ब्लाउज उचलून घेऊन गेली.

बाईचं बरोबर आहे. काजं डावीकडे. माझे सगळे सदरे तसेच. पंचाहत्तर वर्षं रोज बटणं लावतोय, आणि कधी बघितलं नाही! आणि मी म्हणे बारकावे बघणारा!

९ फेब्रुवारी, बुधवार

फोटो न्हाणीघरातल्या आरशापुढे धरला.

आरशात पंप उजवीकडे गेला. बाकी सगळ्या इंजिनांसारखा. म्हणजे बाबांचं इंजिन वेगळं-बिगळं काही नव्हतं. चार इंजिनांसारखं एक इंजिन. दातवाल्याचं बरोबर होतं! दहा वर्षं बरोबर होतं! या एकाच गोष्टीने मला मरेपर्यंत पुरेसा त्रास झाला असता.

पण पंप एकटा नाही गेला. माणसंही गेली. पंपाला टेकलेला कोळशाचा बाप पंपाबरोबर उजवीकडे गेला. ड्रायव्हरच्या बाजूला. आणि बाबा डावीकडे आले.

डावीकडे.

फोटो आरशापुढून बाजूला घेतला. पुन्हा धरला. पुन्हा डावीकडे. बाहेरून बायको विचारत होती, आत काय चाललंय म्हणून.

१० फेब्रुवारी, गुरुवार

काही केलं नाही.

११ फेब्रुवारी, शुक्रवार

ताईला फोन केला. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, तिला सगळं आठवतं. हवंय ते आणि नकोय तेही.

आधी इकडचं तिकडचं. तिचे गुडघे, जावयाची बदली. मग विचारलं. बाबा कोण होते? तिने आधी टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "अरे, आता कशाला ते? सोड ना." सोड ना म्हटल्यावर कोण सोडतं!

मग सांगितलं तिने. शब्द जसेच्या तसे लिहितो, कारण नंतर मी ते बदलून घेईन, मला मी माहीत आहे. "बाबा फायरमनच होते रे. शेवटपर्यंत. ड्रायव्हरच्या परीक्षेला तीनदा बसले. तोंडी परीक्षेत साहेबापुढे उभं राहिलं की त्यांना शब्द फुटायचा नाही. तिन्ही वेळा घरी येऊन न जेवता झोपले."

मी म्हटलं, मग मला खोटं का सांगितलं त्यांनी?

"त्यांनी कधी सांगितलं? आठव बरं. एकदा तरी म्हणाले? तूच म्हणालास! तो फोटो स्टुडिओवाल्याने उलटा करून दिला होता. बाबा परत द्यायला निघाले होते, पायात चपला घातल्या होत्या. तू फोटो हातातून ओढलास आणि नाचायला लागलास. माझे बाबा ड्रायव्हरच्या बाजूला, माझे बाबा ड्रायव्हर! आठ वर्षांचा होतास. आईने तोंड उघडलं, तर बाबांनी तिला खुणेने गप्प केलं. चपला काढून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी तू तो फोटो शाळेत घेऊन गेलास."

मी फोन ठेवला. तिला बरं वाटलं नसणार. उद्या करीन पुन्हा.

आठ वर्षांचं पोरगं म्हणालं म्हणून एका माणसाने जन्मभर तोंड मिटून घेतलं! नोकरीवर जाताना हातातला डबा सोडता मी त्यांच्याकडे नीट बघितलं नसणार. फावड्याने तळहाताला पडलेले घट्टे होते. ड्रायव्हरच्या हाताला कसले घट्टे पडतात? मी ड्राफ्ट्समन झालो, रेघेची जाडी डोळ्याने सांगायचो, आणि घरातल्या माणसाचे हात मला वाचता आले नाहीत. मला रडू आलं. लिहायला लाज वाटते, पण आलं.

१३ फेब्रुवारी, रविवार

क्लबात गेलो नाही. पोट बिघडलं म्हणून कळवलं. दातवाला म्हणाला, "दात दुखत असेल तर सांगा." विनोद!

१६ फेब्रुवारी, बुधवार

पाच महिन्यांचा डाख वितळवला. पंप उचलला. उजवीकडे नवीन भोकं पाडली. डावीकडची बुजवली, कानस मारली, काळा रंग दिला. एका दिवसात झालं. मोडायला काय वेळ लागतो!

पंपाचं झालं. आता बाबांचं.

कोणाला काय माहीत आहे? ताईला. ती कुठे जाऊन सांगणार नाही. शिंपीणबाईंना फोटो उलटा आहे एवढं कळलंय, ड्रायव्हर कुठल्या बाजूला आणि फायरमन कुठल्या, यातलं त्यांना ओ की ठो माहीत नाही. कोळशाचे वडील वारले. माझे वारले. मग कार्डावर काय लिहायचं ते माझ्या हातात आहे.

२० फेब्रुवारी, रविवार

जे केलं ते लिहून टाकतो.

क्लबात सगळ्यांपुढे म्हणालो की मला जुने कागद मिळालेत. पंप डावीकडे गेला तो त्रेपन्न साली. बावन्नला उजवीकडेच होता. तेव्हा फोटो त्रेपन्नचा. आपल्या लेआउटला तो चालायचा नाही. म्हणून पंप हलवला.

फोटो उलटा आहे म्हटलं असतं तर दातवाल्याने तिथल्या तिथे विचारलं असतं, मग माणसं पण उलटी की! तेवढं त्याला कळतं. म्हणून सालच हलवलं. मी! ज्याने गवत्याला गवताच्या जातीवरून झापलंय, ज्याने दिव्यावरून दातवाल्याचं इंजिन लेआउटबाहेर ठेवलंय, त्या मी कागद नसताना कागद सांगितले. आणि सांगताना आवाज जराही हलला नाही. सराईत चोर बरा!

दातवाला उठून जवळ आला. वाटलं, आता उगवेल सूड. तर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "चूक कबूल करायला छाती लागते हो." त्यापेक्षा सूड परवडला असता.

शिंपीणबाई सुईत दोरा ओवत होत्या. माझ्याकडे बघितलं, पुन्हा सुईकडे बघितलं.

कोळसा चाकं पुसत होता. मान वर केली नाही.

२७ फेब्रुवारी, रविवार

छोटी माणसं तयार. बाईंनी कमाल केलीय, खोटं कशाला बोलू. सदऱ्याच्या बाह्या दुमडलेल्या, खिशात रुमालाचं टोक. खिसा डावीकडे.

"कोणाला कुठे उभं करू?" त्यांनी विचारलं. मी बाबांना घेतलं, उजवीकडे ठेवलं. कोळशाच्या बापाला डावीकडे. बोटं थरथरत होती, बाबा दोनदा पडले. तिसऱ्यांदा कोळशाने चिमट्याने धरून उभे केले. त्याच्या स्वतःच्या हाताने. उजवीकडे.

५ मार्च, शनिवार

कार्ड लिहिलं. अक्षर अजून बरं आहे माझं. ड्रायव्हर म्हणून बाबांचं नाव, फायरमन म्हणून त्याच्या वडिलांचं. शाई वाळेपर्यंत बघत बसलो. बायकोला दाखवलं. "सासऱ्यांना किती आनंद झाला असता," म्हणाली. तिलाही सांगितलेलं नाही.

आनंद! त्यांना घाम फुटला असता.

पण एकदा तरी नाव येऊ दे. तीनदा परीक्षेत मान खाली घालून परत आलेला माणूस आहे. कोणाचं काय जातंय?

१२ मार्च, शनिवार

प्रदर्शन. तुफान गर्दी. लोक माझ्या इंजिनापुढे थांबतात, कार्ड वाचतात, पुढे जातात. कडेच्या टेबलावर ठेवलेल्या दातवाल्याच्या इंजिनापुढेही तेवढेच थांबतात. लोकांना फरक कळत नाही हे मी आधीच सांगून ठेवलंय. जुने रेल्वेवाले उद्या येणार.

१३ मार्च, रविवार

सहा-सात जण आले. सगळे काठी टेकत. त्यांतला एक नव्वदीला आलेला, लेकीचा हात धरून. माझ्या इंजिनापुढे आला आणि तिथेच उभा राहिला. हलेचना. मला भरून आलं. म्हटलं, चला, एक तरी दर्दी भेटला! नंबर वाचला. "यावर मी क्लीनर होतो," म्हणाला. "पोरगा होतो तेव्हा." मग लेकीला कार्ड वाचायला सांगितलं. तिने मोठ्याने वाचलं.

म्हातारा म्हणाला, "उलटं लिहिलंय हे."

माझी पाचावर धारण बसली. आजूबाजूला दातवाला, गवत्या, शिंपीणबाई, आणखी पंधरावीस माणसं. "ड्रायव्हर हा," म्हणत त्याने कोळशाच्या वडिलांच्या नावावर काठीचं टोक ठेवलं. "हाताखाली काम केलंय मी त्यांच्या. कान उपटलेत त्यांनी माझे. आणि हे दुसरे फायरमन. फार चांगला माणूस. स्वतःच्या डब्यातलं मला द्यायचे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला बोलायचं होतं. खरंच होतं. तोंड उघडलं आणि शब्द फुटेना. साहेबापुढे उभं राहिल्यासारखं झालं.

तेवढ्यात कोळसा मागून पुढे आला. "नाही हो आजोबा," म्हणाला. "मी त्यांचा मुलगा. माझे वडील फायरमन होते. ड्रायव्हर यांचे." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

म्हातारा त्याच्या तोंडाकडे बघतच राहिला. "तू त्यांचा मुलगा? आणि तूच असं म्हणतोस?" लेक ओशाळली. "बाबा, हल्ली विसरता तुम्ही. चला." तो जाताना वळून वळून बघत होता. सगळ्या सभागृहात एकट्याला खरं माहीत होतं, आणि त्यालाच आम्ही भ्रमिष्ट ठरवून घरी पाठवला. दातवाला म्हणाला, "वय झालं की असं होतं." मी मान डोलावली. मी! डोलावली!

मग सगळी आवराआवर झाली, गाड्या खोक्यांत गेल्या. कोळशाने माझं इंजिन कापसात गुंडाळून दिलं.  

त्याला माहीत आहे? की बिचाऱ्याला माझ्याच बडबडीने वीस वर्षांत खरंच तसं वाटायला लागलंय? माहीत नसेल तर मी एका माणसाचा बाप चोरलाय. माहीत असेल तर मी काय केलंय ते मला सांगताही येत नाही.

१४ मार्च, सोमवार

नवीन कार्ड लिहिलं. नावं जागच्या जागी. फायरमन, आणि पुढे बाबांचं नाव. हे बाबांनीही वाचलं असतं. उद्या कोळशाला नेऊन देतो, आणि दातवाल्यालाही सगळं सांगतो. त्या म्हाताऱ्याचा पत्ता काढून त्यालाही. फोनवर नाही सांगायचं, तोंडावर सांगायचं. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका तोंडावरच सांगत आलोय.

१५ मार्च, मंगळवार

न कळवताच गेलो. कोळसा बाहेर गेला होता. वहिनींनी दार उघडलं आणि एकदम मागे वळून भिंतीकडे बघितलं. तिथे तोच फोटो. सुलटा. पंप उजवीकडे, त्याला टेकलेले त्याचे वडील उजवीकडे, बाबा डावीकडे. वहिनी लगबगीने काढायला गेल्या, पण मी बघितला होता. "भाऊजी, तुम्ही येणार असलात की हे तो फोटो आधी कपाटात ठेवतात," म्हणाल्या. "पहिल्यापासून. आज तुम्ही फोन नाही केलात."

त्या भिंतीवरचा रिकामा खिळा मी वीस वर्षं बघतोय. एकदा सगळ्यांसमोर त्याला हसलोही होतो. म्हटलं होतं, खिळा तर ठोकलास, आता अडकवण्यासारखं काहीतरी कर आयुष्यात.